गाडीचं मूळ गाव

मी भूगोलाचा मास्तर आहे. कोणत्या देशात काय पिकतं, कोणत्या देशाच्या पोटातून काय निघतं आणि ते कोणत्या बंदरातून कुठे जातं, हे वाशीमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. तेव्हा स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा देश कोणता, हे मला सांगता येऊ नये, ही गोष्ट मी सहसा कॉलेजात काढत नाही. स्टाफरूममध्ये ती माझ्या आधीच पोचलेली होती, हा भाग वेगळा.

गाडी घेतली ती मायसाठी. मायला अकोल्याला शेक घ्यायला न्यावं लागणार होतं. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात; त्या शब्दाला चुलीची ऊब आहे, त्यामुळे माणूस जरा कमी घाबरतो. मायचं दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं होतं आणि एसटीत बसलं की पातूरच्या घाटातल्या प्रत्येक वळणाला तिचा चेहरा पिळल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी मला आणि माझ्या बायकोला, रूपालीला, आत बोलावून सांगितलं होतं की शेकाने दुखणं हटेल, आजार हटणार नाही. हे आम्ही आमच्यापाशीच ठेवलं. मायने काही विचारलं नाही. बाबांची मात्र खात्री होती, की उन्हाळा सरेपर्यंत माय बरी होईल आणि मालेगावजवळच्या आमच्या मळ्यात पुन्हा सांभार, म्हणजे कोथिंबीर, खुडायला बसेल.

शोरूम अकोल्यात. तिथल्या हरीओम नावाच्या तरुण सेल्समनने मला काचेच्या टेबलाशी बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "सर, हॅलबर्ग म्हंजे स्वीडनची गाडी. तिकडं रस्त्यात हरीण आडवं आलं तरी आतल्या मान्साले खरोचबी लागत नाई."

"आमच्याकडे रोही आडवे येतात," मी म्हणालो. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात.

"रोहीबी चालते सर."

स्वीडन म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. किरुनाचं लोहखनिज मी दरवर्षी बोर्डावर काढून दाखवतो. मी हरीओमला ते तिथेच समजावून सांगितलं. त्याने फार लक्ष देऊन ऐकलं, आणि तेवढ्यावर माझी सही घेतली. गाडीच्या मागच्या दाराला निळ्यापिवळ्या झेंड्याची एक छोटीशी पट्टी होती. घरी येईपर्यंत मी ती दोनदा उतरून पुसली.

बाबांना, म्हणजे जानरावांना, गाडी आवडली. जानराव म्हणजे आयुष्यभर बैल, नांगर आणि मोटारपंप पारखलेला माणूस. त्यांनी बॉनेटवर बोटांची पेरं वाजवली, वाकून चाकं पाहिली आणि म्हणाले, "लोखंड चांगलं हाय." बाबांच्या तोंडून निघालेलं हे कौतुक मी अजून जपून ठेवलेलं आहे, कारण त्यानंतर त्या गाडीबद्दल ते चांगलं असं काहीच बोलले नाहीत.

पूजा रविवारी सकाळी केली. चाकाखाली लिंबं ठेवली, रूपालीने हळदकुंकू लावलं, मायने खुर्चीत बसूनच ओवाळलं. बाबा पुढच्या सीटवर धोतर सावरून, टोपी नीट करून बसले होते. पहिली चक्कर मळ्यापर्यंत मारायची होती. तेवढ्यात शेजारचे गुलाबराव मोबाईल घेऊन फाटकात आले.

गुलाबराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी कालव्याचं पाणी कोणाला वेळेवर सोडल्याचं ऐकिवात नाही. निवृत्तीनंतर मात्र ज्ञानाचे सगळे दरवाजे त्यांनी आमच्या गल्लीवर उघडे सोडले आहेत.

"सर, वाईट नोका मानू," ते म्हणाले. "पन हे गाडी चीनची हाय."

मी हसलो. मास्तर लोक ज्या हसण्याने चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला बसवतात, तसा हसलो. गुलाबराव बसले नाहीत. ते मोबाईलवरून वाचू लागले. स्वीडनची ती कंपनी कधीच विकली गेली होती. मालक चीनचे. आणि गाडीचा खालचा सांगाडा, ज्याला ते लोक प्लॅटफॉर्म म्हणतात, तो तर आणखी कंपन्यांनी वाटून घेतलेला. त्याच सांगाड्यावर चीनमध्ये शिन्लू नावाची गाडी निघते, जपानी नावाने ताकेनो निघते, फ्रेंच नावाने वॅलोआ निघते. "पत्रा तेवढा वेगळा, सर. आतून सारी एकच. हे पाहा, फोटो हाय."

फोटो मीही पाहिला. शिन्लू आमच्या गाडीची जुळी बहीण दिसत होती. फक्त कुंकू लावायचं राहिलं होतं.

पुढचं दार उघडलं. बाबा खाली उतरले. "कोनाची म्हनली?"

"मी नाई म्हनत जानरावभाऊ," गुलाबराव एक पाऊल मागे सरले. "मोबाईल म्हनते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुले पुऱ्या दुनियेत हाच देश भेटला?"

माझा धाकटा भाऊ दिनेश फौजेत होता. लडाखमध्ये, सीमेच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांच्या गाडीवर दरड कोसळली आणि गाडी दरीत गेली. गोळी नाही, चकमक नाही, समोर शत्रूही नाही. त्याला आणायला मी नागपूरच्या विमानतळावर गेलो होतो. बाबा घरी तिरडीपाशीच थांबले. पण माणसाला कोणावर तरी राग धरावा लागतो, आणि दगडावर तो धरता येत नाही. बाबांचं म्हणणं एवढंच होतं: ते लोक पलीकडे येऊन बसले नसते, तर माझा पोरगा तिथे कायले गेला असता? या म्हणण्यात चूक काढणं मला भूगोलाच्या आधाराने जमलं नव्हतं. त्या दिवसापासून तिकडची वस्तू आमच्या घरात येत नव्हती. दिवाळीच्या लायटिंगच्या माळा गेल्या, बॅटरी गेली, रूपालीचा मिक्सरसुद्धा उलटा करून तपासला गेला. आणि आता मी पूर्ण गाडीच आणून दारात उभी केली होती, वर तिला हळदकुंकू लावलं होतं.

बाबा चपला घालून पायीच फाटकाबाहेर निघून गेले. नारळ फोडायचा राहिला.

शेकाला सुरुवात झाली, तेव्हा घरात एक विलक्षण व्यवस्था लागली. माय आणि मी गाडीने जायचो. बाबा एसटीने. मायच्या सोबतीला जायचं तर होतं, पण त्या गाडीत पाय ठेवायचा नव्हता. ते पहाटेच स्टँडवर जाऊन बसायचे, आणि मेडशीच्या पुढे कुठेतरी आम्ही त्यांच्या बसला गाठायचो. मग माय म्हणायची, "बापू, समोर नोको जाऊ." मी एसटीच्या मागे गाडी धरायचो. मागच्या काचेतून बाबांची टोपी दिसायची. बस खड्ड्यात गेली की टोपी उडायची, आणि माय म्हणायची, "पाह्य, कसे आदळून राह्यले. या वयात." स्वतः ती उशीला टेकून, दात दाबून बसलेली असायची.

ही गाडी रोह्याला भिडू शकते म्हणे. मी ती अकोल्यापर्यंत एसटीचा धूर खात, बैलगाडीच्या चालीने न्यायचो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून मला काय म्हणत असतील, ते मला ऐकू येत नव्हतं. काचा स्वीडिश होत्या, किंवा ज्या कोणाच्या असतील त्यांच्या.

हे संपवायचं तर गाडी चीनची नाही हे बाबांना दाखवून द्यायला हवं, असं मी ठरवलं. इथून माझी शोभा सुरू झाली.

आधी हरीओमला गाठलं. तो गांगरला नाही. त्याला या प्रश्नाचं ट्रेनिंग मिळालेलं होतं. "सर, आजकाल कोनतीच गाडी एका देशाची नसते. डिझाईन स्वीडनचं, इंजिन जपानी कंपनीचं, गिअर जर्मनीचा, सीट आन् वायरिंग आपल्याच इथलं, जोडनी पुण्याजवळ. प्लॅटफॉर्म ग्लोबल. समजा ना, पीठ एकच हाय, भाकरी ज्याच्या त्याच्या हातची."

ही उपमा मला इतकी पटली की घरी येऊन मी ती बाबांना शब्दशः ऐकवली. बाबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"पीठ कोनाचं मंग?" त्यांनी विचारलं.

मी लगेच हरीओमला फोन केला. त्याने मला कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर दिला. तिथे बराच वेळ सतार ऐकल्यावर एक बाई भेटल्या. मी विचारलं, माझ्या गाडीचा देश कोणता? त्या म्हणाल्या, आपली तक्रार इंजिनाबद्दल आहे, ब्रेकबद्दल आहे की वातानुकूलनाबद्दल? मी म्हणालो, राष्ट्रीयत्वाबद्दल. त्यांनी मला पुन्हा सतारीवर ठेवलं. शेवटी माझी तक्रार त्यांनी 'इतर आवाज' या सदरात नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक दारात येऊन गाडीचे आवाज ऐकून गेला.

गुलाबरावांनी सल्ला दिला, "सरकारी कागद आना. जानरावभाऊ मोबाईल मानत नाईत, पन शिक्का मानतात." ही गोष्ट खरी होती. म्हणून मी आरटीओ कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं अर्ध्यात थांबवलं.

"आरसीवर बनवणाऱ्याचं नाव असते. देशाचा रकाना नसते."

"मग गाडी भारतीय आहे, एवढं तरी लिहून मिळेल?"

"गाडीले एमएच सदतीस नंबर देल्ला ना आमी? आता ते वाशीमची झाली. आनखी कायले पाह्यजे?"

मला हे उत्तर फार आवडलं. गाडीला निदान जिल्हा तरी मिळाला होता. पण बाबा म्हणाले, "नंबर तर आपून लावला. उद्या रोह्याले नंबर लावला तर तो काय बैल होईन?"

मग विकायचं ठरवलं. पण वाशीम लहान गाव. मी विचारपूस करत फिरलो त्यामुळे जिथे कोणाला माहीत नव्हतं तिथेही गाडी चीनची असल्याचं कळलं होतं. रिसोडचा एक सोयाबीनचा व्यापारी पाहायला आला, त्याने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि विचारलं, "मास्तर, याचा माल तिकडून बंद झाला तर?" माझ्याच वर्गात शिकून गेलेल्या त्याच्या पोराने वरून मला डोकलामचा नकाशा समजावला. दुसऱ्या कंपनीची गाडी बदलून घ्यावी म्हणून गेलो, तर ताकेनो निघाली त्याच सांगाड्याची. वॅलोआ तर नावालाच फ्रेंच. अगदी देशी म्हणवणाऱ्या एका गाडीच्या दिव्यांवर, आरशांवर आणि आतल्या पडद्यावर मी वाकून वाकून बारीक अक्षरं वाचली, तेव्हा तिथल्या मॅनेजरने रूपालीला हळूच विचारलं की साहेबांची तब्येत बरी असते ना.

"बरी असते," रूपाली म्हणाली. "भूगोल शिकवतात."

परत येताना ती गाडीत म्हणाली, "मी एक सांगू? बाबांचं भांडन गाडीशी नाई. तुमी उगीच गाडीले समजवून राह्यले."

मी ऐकायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी गुलाबरावांना एक कल्पना सुचली, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर स्वार व्हायची मला मोठी हौस. "सर, मागच्या काचेवर दिनेशचं नाव टाका. तिरंगा, खाली 'अमर जवान दिनेश'. मंग कोन म्हनन गाडी चीनची?"

स्टँडजवळच्या रेडियमवाल्याने काम सुरेख केलं. अक्षरं अशी चमकायची की मागून येणारा दुचाकीवाला आपोआप वेग कमी करायचा. पेट्रोलपंपावर एका म्हाताऱ्याने गाडीला हात जोडले. मला, खरं सांगतो, भरून आलं. मी गाडी मुद्दाम मागचा भाग घराकडे करून लावली, आणि बाबांना बाहेर बोलावलं.

बाबांनी वाचलं. बाबा सावकाश वाचतात, बोटाने. तिसऱ्या शब्दावर बोट थांबलं.

"हे कोनी केलं?"

"मी."

"कायले?"

मी सांगायला लागलो. सन्मान, आठवण, समाज. बाबांनी ऐकून घेतलं, मग आत जाऊन गरम पाण्याचं पातेलं आणि दाढीचं पातं घेऊन आले. तिरंगा त्यांनी पात्याने सोडवला नाही. त्याच्यावर पाणी टाकून तो अख्खा निघेपर्यंत वाट पाहिली आणि मला धरायला दिला. 'अमर' गेलं, 'जवान' गेलं. 'दिनेश'ला त्यांनी पातं लावलंच नाही. नखाने एकेक कोपरा उचलत राहिले. पण रेडियमचा डिंक चिवट होता. अक्षरं काचेवरून सुटली ती बोटांना चिकटली. एका बोटावरून सोडवली की दुसऱ्याला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती आणि माझे वडील हात झटकून झटकून मुलाचं नाव बोटांवरून काढायचा प्रयत्न करत होते, आणि ते निघत नव्हतं.

"तो का चायनाच्या गाडीचं लायसन होता?" एवढंच ते बोलले, आणि तसेच आत गेले. अंगठ्याला 'दि' चिकटलेला होता.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. एसटी मात्र चुकवली नाही. गुलाबराव काही दिवस आमच्या फाटकाकडे फिरकले नाहीत. मग आले ते स्वयंपाकातल्या तेलाचा वापर कमी करण्याबद्दल बोलायला.

शेक संपत आले होते, त्या दिवसांतली गोष्ट. ऊन कडक होतं. मेडशी सोडून घाट लागला, आणि एका वळणावर एसटी उभी दिसली. चाकामागे दगड लावलेले, मागे झाडाची फांदी टाकलेली, ड्रायव्हर बॉनेट उघडून आत पाहतोय आणि कंडक्टर फोनवर. माणसं सागाच्या सावलीला उभी होती. सागाला त्या दिवसांत पानं नसतात, त्यामुळे ती सगळी एकेका खोडाच्या रेघेत उभी होती. बाबाही. हातात मायच्या डब्याची पिशवी.

"थांबव," माय म्हणाली.

मी गाडी थांबवली. मायने काच खाली केली. "अजी, बसा आता."

"तू हो समोर," बाबा म्हणाले. "दुसरी येस्टी येते मांगून."

"उन्हाचे किती वेळ उभे राह्यसान?"

"येते म्हनलं ना."

मायने दार उघडलं आणि पाय खाली टाकला. मी धावत गेलो तोवर ती दाराला धरून उभी राहिली होती. उठल्याचा त्रास तिच्या कपाळावर दिसत होता.

"प्रयाग, उतरू नोको," बाबा मायला म्हणाले.

"काहून? तुमी बसत नाई, त मीच कायले बसू?" मायचा आवाज चढला नव्हता. ती पदर डोक्यावर घेत होती. "तुमाले वाटते मले पोरगा आठोत नाई. मी माह्या पाठीसाठी बसते त्याच्यात. पाठ दुखते म्हनून बसते. तो माह्या पोटचा नोव्हता का?"

सावलीतली माणसं दुसरीकडे पाहू लागली. दिनेश गेल्यापासून मायने त्याच्याबद्दल बाबांसमोर एक शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. घरातलं सगळं दुःख बाबांच्या नावावर होतं, आणि आम्ही सगळे त्याला जपत होतो. मायचं कुठे होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

बाबा तिच्याजवळ आले. त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली, आणि तिचा हात धरला. मला वाटलं, झालं, आता बसतील. पण तेवढ्यात मागून मालेगावकडची एक काळीपिवळी जीप आली. कंडक्टरने हात केला, आणि पुढच्या सीटवरच्या दोन माणसांनी माय आजारी आहे हे पाहून जागा केली. माय माझ्याकडे वळून म्हणाली, "तू ये मांगून." दोघं जीपमध्ये बसली.

मग मी घाट उतरलो तो असा: पुढे ठासून भरलेली जीप, मागच्या दाराला लटकलेले दोघे, आणि त्यांच्या मागे मी एकटा, एसी चालू, मायची उशी रिकाम्या सीटवर. लटकलेल्यांपैकी एकजण माझ्याकडे पाहून हसला आणि पाय जरा सरकवून घेतला, म्हणजे हवं तर मलाही जागा होईल.

दवाखान्यात पोचेपर्यंत मायचा नंबर निघून गेला होता. माय वाकली होती. एरवी बाबा बाहेरच्या बाकावर थांबत. त्या दिवशी तिला धरून तेच आतल्या दारापर्यंत आले. तिथे मशीन चालवणारी नीलिमा नावाची मुलगी होती. ती रोज मायला 'आजी' म्हणून हाक मारायची. तिने आणि बाबांनी मिळून मायला टेबलावर झोपवलं.

बाबा वर पाहत होते. पांढरं, खोलीभर मोठं, वाकलेल्या मानेसारखं मशीन.

"बाई," त्यांनी विचारलं, "हे मशीन कोन्या देशाचं हाय?"

मी दारात होतो. नीलिमाकडे पाहून मी मान हलवली, डोळ्यांनी खुणावलं, हातही केला. पण तिचं लक्ष मायच्या उशीकडे होतं.

"कंपनी अमेरिकेची हाय, काका," ती सहज म्हणाली. "पन हे मशीन चीनमधल्या कारखान्यातून आलं. खोके उघडले तवा मी होती ना इथं. काहून?"

माय टेबलावरून बाबांकडेच पाहत होती. ती उठायच्या बेतात आहे असं मला क्षणभर वाटलं. घाटात उतरली तशीच इथेही उतरेल, आणि ते म्हणतील तर परत जाईल. बाबांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी हात पुढे केला, आणि तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"काका, दार लावू?" नीलिमा म्हणाली. "तुमाले बाहेर थांबा लागते."

"लाव," बाबा म्हणाले.

बाहेर बाकावर ते माझ्या शेजारी बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दारावरचा लाल दिवा लागला होता. तो विझेपर्यंत ते त्याच्याकडेच पाहत होते. मग त्यांनी, माझ्याकडे न पाहता, विचारलं, "याच्यानं ते बरी होनार नाई ना?"

मी त्यांच्या गुडघ्यावरच्या टोपीकडे पाहिलं. ते समजले.

"तिले माईत हाय?"

"तिनं कधी विचारलं नाही."

"मंग माईत हाय," बाबा म्हणाले.

मायला घेऊन बाहेर आलो तेव्हा ते गाडीकडे चालू लागले. दाराला नेहमीसारखी मूठ नव्हती. ती पत्र्याच्या आत बसवलेली असते आणि दाबली की बाहेर येते. बाबा तिथे चाचपडत राहिले, एकदा दाबलं, एकदा ओढलं, मग थांबले. मी उघडून दिलं. माय आत बसली, आणि तिच्या बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन, बाबा बसले. नीट टेकले नाहीत. लोकांच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर माणूस बसतो तसे बसले.

पातूर गेलं. मायकडची काच अर्धी खाली होती. माय त्यांच्या खांद्यावर कलली आणि झोपली. घाटात एसटी अजून तिथेच उभी होती. प्रवासी गेले होते, ड्रायव्हर एकटाच बसच्या सावलीत बसला होता. बाबांनी मान वळवून ती मागे पडेपर्यंत पाहिली.

"मास्तर."

"हो, बाबा."

"दिनेश ज्याच्यात होता, ते गाडी कोनाची होती?"

मला त्या गाडीचा फोटो त्याच्या साहेबांनी दाखवला होता. घरी मी कोणाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी शोरूममध्ये, कचेऱ्यांत, फोनवर गाड्यांचे देश विचारत फिरलो होतो, आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

"नाव आपल्याच देशाचं होतं, बाबा," मी म्हणालो. "आतलं नाही सांगता येत."

आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. वळण गेलं, दुसरं आलं. मायचं डोकं खांद्यावरून घसरू लागलं, ते त्यांनी हाताने सावरून धरलं.

"काच वर कर," ते म्हणाले. "तिले हवा लागून राह्यली."